ही ओळ कुणाची?

ईमॅक्स नावाच्या एका जुन्या एडिटरमध्ये एक अशी ओळ आहे, जी दुसऱ्याच्या फाइलमधून उचलली तर काम करत नाही. बाकी सगळं चालतं. रंग येतात, फॉन्ट येतो, शॉर्टकट येतात. फक्त ती एक ओळ ढिम्म राहते. कारण तिच्यात अवतरणचिन्हांत तुमचं लॉगिन नाव लिहिलेलं असावं लागतं. माझ्या फाइलमध्ये माझं, तुमच्या फाइलमध्ये तुमचं.

हा लेख त्या ओळीबद्दल आहे, आणि ती ज्या प्रकारच्या फाइलमध्ये राहते त्या प्रकाराबद्दल. अशा फाइलींची समीक्षा सहसा कुणी करत नाही. ते काय साहित्य आहे का, असं कुणीही विचारेल. पण माझ्या कुठल्याही आवडत्या पुस्तकापेक्षा माझी ही फाइल जास्त वेळा उघडली गेली आहे. रोज सकाळी, कामाच्या दिवशी न चुकता. आणि तरी पहिली दोन वर्षं मी ती एकदाही वाचली नव्हती. एखादा मजकूर रोज वापरायचा आणि वाचायचा नाही, हे कसं जमतं? मला तरी हा समीक्षेचाच प्रश्न वाटतो.

सुरू होण्याआधी

फोनवर आपण सेटिंग्ज बदलतो ती एकेक बटण सरकवून. डार्क मोड चालू, नोटिफिकेशन बंद. ते सगळं कुठेतरी साठवलं जातं. कुठे, ते आपल्याला दिसत नाही. जुन्या प्रोग्रामांची रीत वेगळी. प्रोग्राम सुरू झाला की कामाला लागण्याआधी तुमच्या होम फोल्डरमध्ये एका ठरलेल्या नावाची फाइल शोधतो. साधी मजकुराची फाइल. सापडली तर वरून खाली एकेक ओळ घेतो आणि तिच्यात सांगितलंय तसा स्वतःला बदलून घेतो. नाही सापडली तर कंपनीतून आल्यासारखा कोरा सुरू होतो. बॅश या शेलची फाइल म्हणजे बॅशआरसी, व्हिम या एडिटरची व्हिमआरसी, ईमॅक्सची इनिट.

नावातलं ते ‘आरसी’ १९६०च्या दशकातलं आहे. एमआयटीत सीटीएसएस नावाची एक यंत्रणा होती. तिथे फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीने चालवण्याच्या सोयीला ‘रनकॉम’ म्हणत, म्हणजे ‘रन कमांड्स’. युनिक्सने त्याची दोन अक्षरं उचलली. ती आजही लाखो लॅपटॉपवर आहेत, आणि ती लिहिणाऱ्या बहुतेकांना ती कशाची आहेत हे माहीत नाही. मलाही नव्हतं.

या फाइलींच्या नावाआधी एक टिंब असतं, आणि टिंब असलं की फाइल यादीत दिसत नाही. यामागे काही थोर विचार असेल असं मला वाटायचं. बेल लॅब्जमध्ये युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी २०१२ साली त्याची हकीकत लिहिली. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘हाच फोल्डर’ आणि ‘याच्या वरचा फोल्डर’ अशा दोन नोंदी असतात, एक टिंब आणि दोन टिंबं. यादीत त्या सारख्या दिसू नयेत म्हणून कुणीतरी सोपा मार्ग काढला: नावाचं पहिलं अक्षर टिंब असेल तर ती नोंद वगळ. त्या आळसात टिंबाने सुरू होणारी प्रत्येकच फाइल अदृश्य झाली. मग लोकांनी आपापल्या सेटिंगच्या फाइली त्या आडोशाला नेऊन ठेवल्या. थोडक्यात, हा सगळा वाङ्मयप्रकार एका चुकीच्या मागे लपून वाढला.

न दिसणारी गोष्ट कोण वाचणार?

शेवटचं बोलणं कुणाचं

या फाइलींचं व्याकरण एका वाक्यात सांगता येतं: जो नंतर बोलतो त्याचं खरं. वरच्या ओळीत फॉन्ट १२ म्हटलं आणि खालच्या ओळीत १४, तर १४. त्यामुळे फाइलीत काय लिहिलंय याइतकंच महत्त्वाचं असतं ती कितव्या क्रमांकावर लोड होते.

ईमॅक्सचा क्रम बघण्यासारखा आहे. २०२०च्या २७व्या आवृत्तीपासून सगळ्यात आधी तुमचीच एक छोटी फाइल लोड होते, खिडकी उघडण्याच्याही आधी. मग ज्या संस्थेच्या मशीनवर तुम्ही बसलात तिची ‘साइट स्टार्ट’ फाइल. मग तुमची इनिट. आणि तुमचं बोलून झालं की पुन्हा एकदा संस्थेची ‘डिफॉल्ट’ नावाची फाइल. म्हणजे संस्थेला दोनदा बोलायला मिळतं, आणि शेवटचा शब्दही तिचाच. पण तुमच्या इनिटमध्ये एक ओळ लिहिलीत, तर ती शेवटची फाइल लोडच होत नाही. पहिली मात्र इनिटमधून अडवता येत नाही, कारण तुमची पाळी येईपर्यंत ती बोलून गेलेली असते. तिला थांबवायचं तर प्रोग्राम सुरू करतानाच तसं सांगावं लागतं.

एकत्र कुटुंबात वाढलेल्या कुणालाही हा क्रम ओळखीचा वाटेल. मोठ्यांनी आधी सांगितलेलं पुसता येत नाही; पण तुमचं बोलून झाल्यावर ते पुन्हा सुरू झाले, तर ‘आता राहू द्या’ म्हणायची सोय आहे. फक्त ती सोय आहे हे आधी माहीत असावं लागतं.

व्हिममध्ये याहून गमतीची गोष्ट आहे. २०१६च्या आठव्या आवृत्तीपासून व्हिम नवख्यांसाठी काही बऱ्या सेटिंग्ज स्वतःहून लावतो. पण कधी? तुमची स्वतःची व्हिमआरसी सापडली नाही तरच. तुम्ही ती फाइल तयार केलीत, अगदी रिकामी, शून्य ओळींची, तरी व्हिम ते सगळं काढून घेतो. म्हणजे ‘मी माझं बघतो’ एवढं नुसतं म्हटलं की घरचा डबा बंद. काहींना हा दोष वाटतो. मला यात एक प्रामाणिकपणा दिसतो. तुमची फाइल आहे म्हणजे तुम्ही बोलणार आहात, असं व्हिम धरून चालतो. आणि डबा हवाच असेल तर तीही सोय आहे: आपल्या फाइलच्या पहिल्या ओळीत त्या सेटिंग्ज नाव घेऊन मागवायच्या. मग त्या तुम्ही मागितलेल्या असतात.

माझी सवय, त्याची ओळ

पहिल्या नोकरीत रुजू झालो तेव्हा टीममधल्या एका सीनियरने पहिल्याच दिवशी त्याच्या सगळ्या फाइली पेन ड्राइव्हवर दिल्या. “हे टाक, सुखी होशील.” टाकल्या आणि झालोही. माझं टर्मिनल एकदम जाणत्या माणसासारखं दिसायला लागलं. चारशेच्या वर ओळी होत्या. मी एकही वाचली नाही.

त्यातल्या बॅशआरसीत एक ओळ होती, जी फाइल पुसण्याची आरएम ही आज्ञा बदलायची. आरएम म्हटलं की ती आधी विचारायची, ‘पुसू का?’ मूळ आरएम असं काही विचारत नाही. सांगितलं की पुसते. मला हा फरक माहीतच नव्हता. माझ्यासाठी आरएम म्हणजे विचारणारीच आरएम. सवय अशी लागली की आधी बिनधास्त आज्ञा द्यायची, मग एकेका नावाला हो किंवा नाही म्हणायचं.

एका शुक्रवारी संध्याकाळी टेस्टिंगच्या सर्व्हरवर लॉगिन केलं आणि नेहमीसारखी आज्ञा दिली. सर्व्हरवरच्या माझ्या खात्यात ती फाइल नव्हती. कसली विचारणा आणि कसलं काय. कर्सर शांतपणे पुढच्या ओळीवर आला. तीन दिवस चालवलेल्या टेस्टचे निकाल गेले.

सोमवारी त्याला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. म्हणाला, “अरे, ती ओळ मीपण कुणाकडून तरीच घेतलीये.”

त्या वाक्याने मला जास्त भीती वाटली. त्या ओळीला लेखकच नव्हता. ती एका हातातून दुसऱ्या हातात येत होती, प्रत्येक हातात एक सवय तयार करत होती, आणि तिचं उत्तर द्यायला कुणी नव्हतं. चुकीची ओळ असती तरी बरं. ही तर शहाणी, काळजी घेणारी ओळ होती. काही लिनक्सवर रूट खात्याच्या बॅशआरसीत ती तयारच मिळते. दुसऱ्याचं शहाणपण माझ्या बोटांत उतरलं आणि डोक्यात उतरलंच नाही, एवढीच माझी गोष्ट.

एकदा चालवणं, एकदा वाचणं

त्यानंतर फाइली वाचायला बसलो आणि ईमॅक्सच्या इनिटमध्ये ती सुरुवातीला सांगितलेली ओळ भेटली. तिच्यात त्या सीनियरचं लॉगिन नाव होतं.

तिचं काम अगदी क्षुल्लक आहे. ईमॅक्स सुरू झाल्यावर खालच्या पट्टीत एक सूचना येते: ईमॅक्स आणि ग्नू यांच्याबद्दल माहिती हवी तर अमुक कळा दाबा. ही ओळ ती सूचना बंद करते. बाकीच्या सेटिंगला ‘हो’ म्हटलं की पुरतं. इथे हाताने ओळ लिहायची तर स्वतःचं लॉगिन नाव लिहावं लागतं. ईमॅक्सची मार्गदर्शिका कारणही सांगते: तुम्हाला सूचना नको असेल तर खुशाल बंद करा, पण तुमची फाइल कुणी विचार न करता उचलली तर त्याची सूचना त्यामुळे बंद होऊ नये.

हे ईमॅक्स करतो कसं, ते फार सुंदर आहे. प्रोग्राम तुमची फाइल आपण समजतो त्या अर्थाने वाचत नाही. तो ती चालवतो. ओळ आली, केली, पुढे गेला. पण या एका बाबतीत ईमॅक्स तुमची फाइल दुसऱ्यांदा उघडतो, मजकूर म्हणून, आणि तिच्यात ते वाक्य आणि ते नाव शब्दशः शोधतो. म्हणूनच फाइलचं आधी यंत्राच्या सोयीच्या रूपात भाषांतर करून ठेवलेलं असेल, तर ही ओळ वेगळ्या पद्धतीने लिहावी लागते. नाहीतर शोधायला अक्षरंच सापडत नाहीत. सगळी फाइल एकदा चालवलेली, आणि त्यातली एकच ओळ वाचलेली. मी दोन वर्षं काय केलं नव्हतं, ते मला इथे कळलं.

मी देहूरोडला राहतो. देहूरोड म्हणजे देहू नव्हे, हे आम्हाला पाहुण्यांना दर वेळी सांगावं लागतं. इथे लष्करी छावणी आणि रेल्वे स्टेशन आहे. इंद्रायणी आणि तुकोबांचं देहू इथून काही किलोमीटर पुढे. तिथल्या गाथा मंदिराच्या भिंतींवर अभंग कोरलेले आहेत. लहानपणापासून त्या भिंती बघताना एक गोष्ट डोळ्यांना सवयीची झाली होती: अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं. नाममुद्रा. ईमॅक्सची ओळ वाचताना मला पहिल्यांदा त्या भिंती आठवल्या.

पण ही तुलना सोपी करून चालणार नाही. नाममुद्रा म्हणजे कुलूप नव्हे. अभंग हातांनी उतरवले जात होते. चाकणच्या संताजी जगनाड्यांनी ते लिहून ठेवले, असं परंपरा सांगते. पुढे वह्यांवरून वह्या झाल्या. ‘तुका’ हे नाव कुणालाही आपल्या रचनेच्या शेवटी घालता येत होतं, आणि घातलं गेलंही. म्हणून तर १८६९ आणि १८७३ साली शंकर पांडुरंग पंडितांच्या देखरेखीखाली मुंबईत गाथेचे दोन खंड छापले गेले, तेव्हा वेगवेगळ्या पोथ्या ताडून बघाव्या लागल्या. नाव होतं, तरी वाचावं लागलंच.

आणि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उतरवून घेणाऱ्यांनी उतरवलं नसतं, तर ताडून बघायला काही उरलं नसतं. नक्कल वाईट नाही. आमच्या या पट्ट्यातला सगळ्यात मोठा मजकूर नकलेनेच टिकला. फरक एवढाच, की पोथी उतरवताना हात अक्षरावरून जातो. कॉपी-पेस्टमध्ये डोळासुद्धा जात नाही.

ओळीचे दोष

ईमॅक्सच्या या ओळीचं कौतुक करताना तिच्या मर्यादाही मांडायला हव्यात.

पहिली, ही काळजी थोडी स्वार्थी आहे. जपायचा आहे तो ग्नूचा प्रचार, तुमची समज नव्हे. दुसरी, पहारा चुकीच्या दारावर आहे. खालच्या पट्टीतली एक सूचना बंद करायला नाव लागतं. पण फाइली पुसणारी, इंटरनेटवरून काहीतरी आणून चालवणारी ओळ बिननावाची चालते. तिसरी, नाव बदलायला दोन सेकंद लागतात. नाव घातलं म्हणजे समजलं असं नाही.

शिवाय हाच ईमॅक्स तुमच्या फाइलमध्ये स्वतःही लिहितो. मेनूतून एखादी सेटिंग बदलून जपून ठेवली की तो तुमच्या इनिटमध्ये आपला एक मजकूर घालतो आणि वर टीप लिहितो, की हे हाताने बदललंत तर बिघडेल, जपून. फाइल माझी, आणि जपून राहायचं मी! २०१६च्या २५व्या आवृत्तीत तर पॅकेजं लोड करणारी एक ओळ तो आपणहून लोकांच्या फाइलीत घालायचा. २७व्या आवृत्तीपासून तिची गरज उरली नाही. एकीकडे ‘दुसऱ्याची ओळ उचलू नका’ म्हणायचं आणि दुसरीकडे आपली ओळ घुसवायची, ही विसंगती आहे आणि ती नोंदवायला हवी.

नंतरच्या प्रोग्रामांनी दुसरा मार्ग धरला: विचारा. २०२१पासून व्हीएस कोड अनोळखी फोल्डर उघडला की विचारतो, याच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का? प्रश्न रास्त आहे. पण मी आजवर कुणालाही त्या खिडकीत थांबून विचार करताना बघितलं नाही, स्वतःलासुद्धा. सगळ्या फोल्डरबद्दल एकच प्रश्न विचारला की एकच उत्तर मिळतं: हो, हो, पुढे चल. ईमॅक्सची ओळ निदान एका ठिकाणी बोट ठेवते आणि म्हणते, इथे तुझं नाव लिही.

आणि फोनवरची बटणं? त्यांच्यात चूक करायला फारशी जागा नाही हे खरं. पण त्यांच्यात ‘का’ लिहायलाही जागा नाही. तीन वर्षांपूर्वी मी कुठल्याशा अॅपची नोटिफिकेशन का बंद केली, हे माझा फोन मला सांगू शकत नाही. फाइल सांगू शकते, मी लिहिलं असेल तर. या प्रकाराचं माझ्या मते खरं मोल ते आहे. यात माणूस यंत्राला आज्ञा देता देता, त्याच जागी, माणसासाठी कारण लिहून ठेवू शकतो. अर्धविराम टाकला की पुढचा मजकूर ईमॅक्स सोडून देतो. तो आपल्यासाठी असतो. नेटवर मिरवायला ठेवलेल्या शेकडो सुंदर इनिट फाइली मी चाळल्या आहेत. स्क्रीनशॉट देखणे, आणि अर्धविरामांपुढे नुसते मथळे. काय केलं ते कळतं. का केलं ते नाही.

एकोणसाठ ओळी

मग मी सीनियरची फाइल बाजूला ठेवली आणि कोऱ्यापासून सुरुवात केली. ईमॅक्स काहीही लोड न करता सुरू करता येतो. बिघाड कळवतानाही आधी तसं करून बघण्याची पद्धत आहे, म्हणजे दोष त्याचा की आपल्या फाइलचा ते कळतं. तसा उघडा ईमॅक्स आठवडाभर वापरला. हात अडखळत होते. जिथे अडलं तिथे जुन्या फाइलमधली ओळ शोधली, मार्गदर्शिकेत तिचा अर्थ बघितला, वर कारण लिहिलं आणि मगच घेतली. आज माझ्या फाइलमध्ये एकोणसाठ ओळी आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त अर्धविरामाच्या. आरएम बदलणारी ओळ मी बॅशआरसीत घेतली नाही. विचारणारी आज्ञा हवी असेल तेव्हा तसं स्वतः टाइप करतो.

जुन्या फाइलमध्ये नव्हती अशी एक ओळ मात्र मी घातली. ती देवनागरी टंकनाची पद्धत ठरवते. मग कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की इंग्रजीतून थेट देवनागरीत. ती सोय ईमॅक्समध्ये आधीपासूनच होती, पण त्या पेन ड्राइव्हवरच्या चारशे ओळींतून जाताना कुणालाही तिची गरज पडली नव्हती. तिच्या वर कारण लिहिलंय, मराठीत: ‘आईला पाठवायची पत्रं आणि या फाइलमधली कारणं लिहायला.’ हा लेखही त्याच ओळीच्या जोरावर लिहिला.

गेल्या महिन्यात टीममध्ये नवीन आलेल्या एका मुलीने माझी फाइल मागितली. वाचल्याशिवाय टाकू नकोस, असं मी अर्थातच सांगितलं, आणि तिने अर्थातच तशीच टाकली. तासाभराने ती माझ्या डेस्कपाशी आली. “दादा, माझ्याकडे खाली एक काहीतरी लाइन येतेय. तुझ्याकडे येत नाही. फाइल तर तीच आहे.”

मी तिला म्हटलं, फाइल उघड, आणि त्यात माझं नाव कुठे दिसतंय ते शोध.